शटरलाही हळद-कुंकू

यंदा दसऱ्याला घरच्या नव्या शटरचीही पूजा करायची, असं मी ठरवलं. एवढंच. (माझ्या सगळ्या भानगडी अशाच पुण्यकर्मातून सुरू होतात.)

वसमतच्या आमच्या घराला आधी पत्र्याचं दार होतं. दसऱ्याला माझे वडील, सोनाजी मास्तर, त्या दाराशी आपली सायकल धुऊनपुसून उभी करत, घंटीला कुंकू लावत, हँडलला झेंडूचा हार घालत. पूजा झाली की पहिली घंटी कोणी वाजवायची यावरून आम्हा भावंडांची जुंपायची. दाराची कडी सरकवली की काम झालं. पन्नास वर्षांत त्या दारानं एकदाही दगा दिला नाही, हे मी आमच्या चिरंजीवांना, सोमेश्वरला, शंभरदा ऐकवलंय. तरी पुण्याहून येऊन त्यानं गाडीसाठी रिमोटचं शटर बसवलंच. वर भिंतीवर आकड्यांचं कीपॅड. त्याचा कोड मात्र माझा : वडिलांच्या सायकलच्या बिल्ल्याचा नंबर, १४७३. ती सायकल अजून गाडीशेजारी उभी असते. वडील जाऊन वीस वर्षं झाली, पण तिला हार घालताना मला अजून भरून येतं.

तर सकाळी गाडी, सायकल, रिमोट, कीपॅड, सगळ्यांना हळद-कुंकू झालं. आपट्याची पानं रुमालात बांधून, वडिलांच्याच पद्धतीनं, सायकलच्या कॅरिअरला लावली. शटरच्या पायथ्याशी दोन बाजूंना दोन इवलेसे दिवे दिसले. ते तरी उपाशी का ठेवायचे? त्यांनाही ठसठशीत बोट लावलं.

दोन वाजता आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला निघायचं होतं. तिथं माझ्या सासूबाई, भिकाबाई. वय पंच्याऐंशी. दसऱ्याला लेक-जावयाच्या हातचं सोनं घेतल्याशिवाय घास घेत नाहीत. गाडी बाहेर काढून मी ऐटीत रिमोट दाबला. शटर हातभर खाली आलं आणि परत वर गेलं.

"काहून वर गेलं ते?" मनकर्णेनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

"सेल गेला असंल."

नवा सेल घातला. शटर हातभर खाली, परत वर. कीपॅडवर १४७३ दाबलं. बोटं लाल झाली, शटर वर ते वरच. मग मी त्याला आधी समजावलं, नंतर दरडावलं. (कचेरीत पस्तीस वर्षं मी शिपायाशीसुद्धा असा बोललो नव्हतो.)

"माय सकाळपासून उपाशी बसली तिकडं, अन तुमी शटरसंग भांडून राहिले!" मनकर्णा म्हणाली. चाळीस वर्षांत तिनं आईचा एक दसरा चुकवला नव्हता. मला फार वाईट वाटलं. घर सताड उघडं टाकून निघावं कसं, तेही कळेना.

शेवटी शटर बसवणाऱ्या उत्तमसिंगला फोन लावला.

"काका, खाली दोन सेन्सर हायेत. त्याच्यापुढं काही आडवं आलं का?"

"छे! उलट हळद-कुंकू लावलंय बराबर दोन्हीला."

पलीकडं उत्तमसिंगनं सुस्कारा सोडला.

"काका, सकाळपासून तुमी नववे. ओल्या फडक्यानं पुसा."

पुसलं. बटण दाबलं. शटर गुमान खाली आलं. साडेतीन वाजले होते. मी रिमोट खिशात टाकला आणि गोरेगाव येईपर्यंत पत्र्याच्या दाराचं गुणगान गात राहिलो. मनकर्णेनं खिडकीबाहेर बघितलं.

दिवस मावळता मावळता पोचलो. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. लेकीला बघून त्यांचा चेहरा फुलला.

"अहो, सोनं काढा," मनकर्णा म्हणाली.

मी खिसे चाचपले. रिमोट निघाला. सोनं वसमतला, बंद शटरच्या आत, सायकलच्या कॅरिअरला होतं.

"ही सगळी त्या शटरची करणी!" मी ओरडलो. "त्याच्या तकलीफीत इसरलो. जुनं दार असतं तर असं झालंच नसतं!"

सासूबाई काठी टेकत अंगणातल्या आपट्यापाशी गेल्या, चार पानं तोडली आणि दोन-दोन आमच्या हातांवर ठेवली. "घ्या. अन द्या मला."

आम्ही सोनं दिलं, पाया पडलो. मनकर्णेनं डोळे टिपले, माझेही ओलावले. सासूबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लेकीकडं बघून मिश्कील हसल्या.

"लगनानंतरच्या पयल्या दसऱ्याला बी जावईबापू येष्टीतून मोकळ्या हातानंच उतरले व्हते. तवा म्हनले, पत्र्याच्या दाराची कडीच निघंना, सोनं आत राहिलं!"