वसंतकाकांचा बाळ्या

आमच्या आळीत सकाळी लोक एकमेकांना चहाचं विचारतात. वसंतकाकांना मात्र विचारायचं, "बोक्याला लघवी झाली का?" झाली असेल तर काका प्रसन्न चेहऱ्याने सांगतात, "व्हय, चांगली झाली," आणि कारखान्यात गणपतींचे डोळे आखायला निघतात. झाली नसेल तर ते घरीच थांबतात आणि गणपती डोळ्यांवाचून बसून राहतात.

पूर्वी काका असे नव्हते. दोन वर्षांपूर्वी एके सकाळी त्यांचा बोका बाळ्या अंगणातल्या मातीच्या ढिगावर सारखा जाऊन बसू लागला. कण्हायचा आणि तसाच उठायचा. काका म्हणाले, "पोट साफ नाय त्याचं." दुपारी तो ओकला. पोटाला हात लावला तर किंचाळला. मी स्कूटर काढली. मागे काका, त्यांच्या मांडीवर पिशवीत बाळ्या.

"लघवी तुंबलीय," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उशीर झाला असता तर हाती लागला नसता." नळी घालून बाळ्याला तीन दिवस ठेवून घेतलं. तिन्ही दिवस काका दवाखान्याच्या पायरीवर.

तेव्हापासून सुकट बंद. बाईंनी ठरवून दिलेलंच ओलं खाणं, वर पाणी कालवून. काकांनी स्वतःही सुकट सोडली. "तो बघत बसतो गो. घास उतरत नाय." घरात सात ठिकाणी पाण्याची भांडी. पाहुण्यांचा पाय हमखास एकात पडतो. काका आधी भांडं भरतात, मग पाहुण्याला फडकं देतात.

रोह्याची लेक किती वेळा बोलवायची, पण काका जात नसत. गेल्या महिन्यात नातीचं बारसं होतं. मी म्हटलं, "बाळ्याला मी सांभाळते. आता बरा आहे तो. एवढी कसली काळजी करता?"

काका बराच वेळ बाळ्याची पाठ खाजवत राहिले.

"काकी तुझी म्हणायची, नुसतं पित्त हाय. गणपतीचे दिवस होते. मी पण म्हटलं, असेल पित्त. दुसऱ्यांदा विचारलंच नाय."

त्याच दिवसांत काकी गेल्या होत्या.

"ह्या टायमाला तू होतीस गो," ते म्हणाले. "बरं झालं."

आणि माझ्याकडे न बघता त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.