इलेक्ट्रोडने बाळसं धरलं

दुसऱ्याला आकार देणारा स्वतः थोडा झिजतोच, आणि ही गोष्ट कोणत्याही व्यवस्थापनाला मान्य नसते.

साच्यांच्या त्या कारखान्यात तांब्याचा इलेक्ट्रोड तेलात बुडवून पोलादाच्या ठोकळ्याजवळ नेत. मधल्या फटीत ठिणग्या उडत, पोलाद कोरलं जाई आणि डबीच्या झाकणाचा साचा तयार होई. या गडबडीत इलेक्ट्रोडही कणाकणाने झिजे. ते रोखण्यासाठी एक झीज-अधिकारी नेमण्यात आले (तात्पुरते). महिनाअखेर झीज निम्म्यावर आली तर पद कायम. नाही तर रवानगी पॅकिंग खात्यात, सासऱ्यांच्या हाताखाली. सासरे जावयाला जेवतानासुद्धा "जरा नीट धरा" म्हणत. (हातात फक्त चमचा असे.)

अधिकारी जिवाच्या आकांताने कामाला लागले. त्यांनी करंट उतरवला, एकेक ठिणगी लांबवली, काजळलेलं तेल गाळून घेतलं. झीज खरोखरच घटली. माणूस इथे थांबता तर सुखी होता. पण निम्मी काही होईना. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: झीज होते ठिणगीमुळे, आणि ठिणगी पडते जवळिकीमुळे. त्यांनी इलेक्ट्रोड वीतभर वर उचलला.

झीज शून्य.

"साहेब, पण साचा?" मशीन चालवणाऱ्या ताईंनी विचारलं.

"साचा माझ्या खात्यात येत नाही, ताई."

"मग मी करू काय दिवसभर?"

"लक्ष ठेवा. अहो, फडकं कशाला घेताय? पुसू नका, झिजेल तो!"

न पुसल्यामुळे इलेक्ट्रोडवर तेलकट धुळीचं पुट चढलं, आणि महिनाअखेरच्या मोजणीत तो चक्क जाड भरला. झीज उणे दोन टक्के! बैठकीत संचालकांनी तो आकडा दोनदा वाचून घेतला.

"म्हणजे बाळसं धरलं म्हणायचं?"

"दृष्ट लागण्यासारखं, साहेब."

पद कायम झालं. साचा नाही म्हणून झाकणं नाहीत, झाकणं नाहीत म्हणून पॅकिंग खातं बंद, आणि खातं बंद म्हणून सासरे जावयाच्या हाताखाली रुजू झाले. काम हलकंच होतं: इलेक्ट्रोडपाशी बसून कुणाला शिंकू द्यायचं नाही. पहिल्याच दिवशी जावई म्हणाले, "बाबा, जरा नीट बसा." बाबा नीट बसले.

खात्याचा व्याप वाढतो आहे. अनुभवी माणसं हवी आहेत. तुम्ही हसताय, हसा. पण शोकेसमधला तो सोनेरी काठाचा कपांचा संच बाहेर काढा बघू. लग्नात आलेला ना? एक टवका उडालेला नाही, आणि आजवर त्यातून कुणी घोटभर चहा प्यायलेलं नाही. मुलाखतीची गरज नाही, तुमची निवड झाली आहे. सोमवारी रुजू व्हा. चहा घरूनच पिऊन या.

(नेहमीच्याच कपातून. कान तुटलेल्या.)