खालून हो आल्याशिवाय

आमच्या शेजारचे वारलूभाऊ वांग्याचं रोप लावायचं झालं की आधी जमिनीवर काठी ठोकतात आणि खालून उत्तर येईपर्यंत बसून राहतात. पंचांग बघून रोप लावणारे लोक मी पाहिलेत. मोबाइलवर पावसाचा अंदाज बघणारे तर आमच्या घरातच आहेत. पण वाफ्याच्या कडेला उकिडवं बसून, मान तिरकी करून, "हं, बोला" असं जमिनीला म्हणणारा माणूस मी हा एकच पाहिला. लग्न होऊन या वसाहतीत आले तेव्हा मी घाबरून नवऱ्याला विचारलं होतं. "ते सरदार होते," असं म्हणून यांनी पेपरात तोंड घातलं. मला वाटलं, फौजेत असतील.

फौजेत नव्हते. कोळशाच्या भुयारी खाणीत पाळीवरच्या माणसांच्या आधी आत जाऊन जो काठीनं छत ठोकून बघतो, त्याला आमच्याकडे सरदार म्हणतात. छत घट्ट असलं की टणटण बोलतं, सुटलेलं असलं की भदभद. वारलूभाऊंचं सगळं आयुष्य ते बोलणं ऐकण्यात गेलं. ती खाण बंद पडून आता पुष्कळ वर्षं झाली. तिच्यात पाणी भरलंय, तिचं तोंड बुजवलंय, आणि तिच्यावर आमची वसाहत उभी आहे. भिंतींना तडे गेले म्हणून अर्धे लोक क्वार्टर सोडून गेले आणि त्यांच्या दारांच्या चौकटीसुद्धा कोणीतरी काढून नेल्या. दिवेलागणीला त्या रिकाम्या ओळीकडे बघू नये असं आम्ही मुलांना सांगतो आणि स्वतः बघतो.

खाण सुटली तरी भाऊंच्या तोंडची खाण सुटली नाही. ट्रेमधली रोपं म्हणजे त्यांच्या पाळीवरची माणसं. गणपती गेले की ते बी टाकतात, आणि रोपं चार पानांवर आली की त्यांना बाहेरच्या हवेची सवय लावायला लागतात. पण कशी? आधी खाटेखाली, मग दाराआड, मग ओसरीवर, तेही गमछा पांघरून. "एकदम उजेडात नेलं का डोळे दिपते त्यायचे," ते म्हणतात. "आमी वर याचो तं घडीभर आंधळेच राहाचो. उजेडाची घाई नाई कराची." हे 'उजेडाची घाई नाई' ते कशालाही लावतात. मी माझ्या मुलीचं लग्न ठरवत होते, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

एवढं लाडानं वाढवलेलं रोप बाहेर कधी लावायचं, हे मात्र त्यांच्या हातात नाही. ते खालचे ठरवतात. एकदा रोपवाटिकेतला एक भला माणूस आला होता. ऊन उतरल्यावर लावा, ढगाळ दिवस बघा, मुळाशी माती दाबा, असं चांगलं चांगलं सांगत होता. भाऊंनी सगळं मान हलवत ऐकलं आणि मायेनं विचारलं, "बराबर हाये तुमचं. खालच्यायले इचारलं का पन?" तो माणूस चहा न घेताच गेला.

माझी वांगी त्यांच्या आधी लागतात आणि जास्त लागतात. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की म्हाताऱ्याला मातीचं काही गूढ कळतं. तसं काही नाही. खालून उत्तर लवकर येत नाही म्हणून ते थांबत राहतात, रोपं ताटकळून लांबट होतात, आणि मग त्यांना चिंचोक्याएवढी वांगी येतात. ती ते गल्लीभर वाटतात आणि आम्ही "मस्त झाली जी" म्हणून खातो.

तरीपण त्या वाफ्यात काहीतरी आहे. गल्लीतली कुत्री त्यावरून चालत नाहीत, वळसा घालून जातात. मांजर जातं, पण मांजराचं काय सांगावं! पाणी दिलं की ते इतरांच्या वाफ्यासारखं मुरत नाही, खाली कुठेतरी गेल्याचा आवाज होतो. आणि पूर्वी, भाऊंनी काठी ठोकून मान तिरकी केली की थोड्या वेळानं त्यांचा चेहरा असा उजळायचा की पाहणाऱ्याला वाटावं, खरंच कोणी बोललं. हे सगळे मनाचे खेळ आहेत, असं मी शाळेत मुलांना शिकवते. दिवसा मलाही ते पटतं.

दोन वर्षांपूर्वी ते उजळणं बंद झालं. भाऊ ठोकत, बसत, पुन्हा ठोकत आणि ट्रे उचलून आत नेत. त्या हिवाळ्यात त्यांनी एकही रोप लावलं नाही. सगळी ट्रेमध्येच वाळली. पुढच्या हिवाळ्यातही तेच. माणूसही रोपांबरोबर वाळायला लागला. मी दिलेला डबा तसाच परत येई. गल्लीत कोणाशी बोलणं नाही, की 'उजेडाची घाई' नाही. त्यांची लेक त्यांना नागपूरला न्यायला आली होती, तर तिला म्हणाले, "सांगून आल्याशिवाय मले जाता येत नाई." कोणाला सांगून, ते सांगितलं नाही. यंदा त्यांनी पुन्हा बी टाकलं तेव्हा मला धडकीच भरली. हीसुद्धा रोपं वाळली तर म्हातारा पुढचा उन्हाळा बघणार नाही, असं मला सारखं वाटे.

दिवाळी होऊन गेली. ओसरीवर रोपं एकमेकांच्या अंगावर कलली होती आणि एका वांग्याला तर ट्रेमध्येच जांभळं फूल आलं होतं. दिवेलागणीला भाऊंनी कुंपणावरून हाक मारली, "मास्तरीणबाई, जरा येता का?"

मी गेले. ते वाफ्याशी बसले होते.

"कान गेले माये माझे," ते म्हणाले. "दोन सालापासून खालचं काईच येत नाई. पयले मले वाटलं, त्यायनंच बोलनं सोडलं. मंग कुकरची शिट्टीही आयकू येईना, तवा समजलं. तुमचे कान चांगले हायेत. तुमी आयका."

त्यांना ऐकू जावं म्हणून मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, "भाऊ, खालून कोन बोलन जी?"

त्यांनी काठीचं लोखंडी टोक बोटानं पुसलं.

"छत बसलं होतं एक डाव. मी अलीकडं, आपले पोरं पलीकडं. मी ठोकलं, तं तिकडून त्यायनं ठोकलं. म्हनलं, थांबा रे, आलोच. आमी खोदून राह्यलो अन् थे ठोकून राह्यले. मंग थांबले. सकाळी मीच पास केलं होतं थे छत. टणटण बोललं होतं मले. आता त्यायच्या डोक्यावर खड्डा कराचा, पानी वताचं, तं इचारू नाई का? उत्तर आलं का समजते मले, रागावले नाईत."

मी गुडघे टेकले आणि कान जमिनीला लावला. माती गार होती आणि तिला कोळशाचा वास होता. त्यांनी काठी ठोकली. मला माझ्याच छातीचे ठोके ऐकू आले, दुसरं काही नाही. डोकं वर केलं तर ते माझ्या तोंडाकडे बघत होते, डॉक्टरकडे पेशंटचे नातेवाईक बघतात तसे.

"वाजते जी," मी मोठ्यानं म्हटलं.

"किती डाव?"

मी अडकले. वर्गात पोरांचं खोटं तत्काळ पकडणारी मी, मला साधा एक आकडा सुचला नाही. भाऊ समजले. "राहू द्या," ते म्हणाले आणि ट्रे उचलायला वाकले. मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा खाली बसले, तळहात जमिनीवर पसरला आणि डोळे मिटून काठी ठोकली, शेवटची ठोकावी तशी.

मला ते बघवेना. मी त्यांच्या मागे गेले, चपला काढल्या आणि दोनदा टाच जमिनीवर आपटली.

ते वळले नाहीत. हात तसाच होता. मग त्यांचा चेहरा हळूहळू वर आला, आणि दोन वर्षांनी मी तो उजळलेला पाहिला.

"हायेत," ते म्हणाले. "तिघंही हायेत."

"कोन तिघं?" मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं.

"पलीकडचे. तिघंच तं होते बिचारे. एकेकानं ठोकलं, बराबर."

मी माझ्या पायाकडे बघितलं. मी टाच दोनदाच आपटली होती. रस्त्यावर ट्रक नव्हता. वसाहतीपलीकडच्या खुल्या खाणीतलं ब्लास्टिंग दुपारीच होऊन गेलं होतं. खरं सांगते, चपला तिथेच टाकून घरी पळावंसं वाटलं. पण भाऊंनी बोटांनी पहिला खड्डा केला होता आणि रोपासाठी हात मागे केला होता. मी रोप दिलं.

उरलेल्या उजेडात आम्ही सगळी रोपं लावली. भाऊंनी तांब्यानं प्रत्येकाच्या मुळाशी पाणी घातलं, जपून, लहान पोराच्या डोक्यावर घालतात तसं. ते खाली गेल्याचा आवाज झाला. मग ते वाकले, तोंड मातीजवळ नेलं आणि पाळीवरून आलेल्या माणसाला विचारावं तसं हलक्या आवाजात विचारलं, "जेवले का रे?"

आणि उत्तरासाठी तळहात जमिनीवर ठेवून बसले. मला भीती वाटत होती आणि रडूही येत होतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि माझाही हात तिथे ठेवला.