भोयर सरांनी बिघडवलेला फटका

आमच्या शाळेचे क्रीडाशिक्षक भोयर सर माणसाचा चेहरा बघत नाहीत, हालचाल बघतात. मी गणिताचा मास्तर. एकदा फळ्यावर त्रिकोण काढत होतो, तर दारातून आवाज आला, "सर, खांदा काऊन उचलता? फालतू हालचाल." अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून मी खडू उचलण्याआधी दाराकडे बघतो.

फालतू हालचाल म्हणजे त्यांचा जन्माचा वैरी. बसस्टँडवरच्या चहावाल्याला ते चहा वरून ओतू देत नाहीत. पुतण्याच्या लग्नात हार घालताना त्यांनी नवरदेवाला कोपर आत घ्यायला लावलं, आणि नवरी बिचारी मान पुढे करून ताटकळली. स्वतः जेवतात तेही असे, की हात हललेला दिसत नाही, फक्त भात कमी होत जातो.

अशा माणसाच्या तावडीत रेश्मा कुमरे सापडली. जंगलातल्या खेड्यातून आलेली, आमच्या वसतिगृहात राहणारी अकरावीची पोर. सरांनी तिच्या हाती बेसबॉलची बॅट दिली आणि तिने चेंडू कुंपणापलीकडे थेट धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात टाकला. मग दुसरा, मग तिसरा. ही राज्याच्या संघात जाणार, खेळाडूंसाठीच्या राखीव जागेवर पोलीस होणार, असं सरांनी मला रस्त्यात अडवून सांगितलं. पोरीलाही पोलीसच व्हायचं होतं. मी म्हटलं, आधी गणितात पास होऊ द्या.

फक्त तिची ढब अजब होती. चेंडू यायच्या आधी ती एक पाय उचलायची, मागे झुकायची आणि बॅट डोक्यामागून गरकन फिरवून आणायची. सरांना ते कसं सहन व्हावं? दोन महिने खपून त्यांनी तिचा पाय जमिनीला टेकवला, झुकणं काढलं, फिरवणं काढलं. पोर अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी उभी राहू लागली, आणि चेंडू निम्म्या मैदानात पडू लागला.

निवड चाचणी पंधरा दिवसांवर आली. सर कारणं शोधू लागले. बॅट बदलली, बूट बदलले, डोळे तपासून आणले. वसतिगृहाच्या जेवणावर खापर फोडलं आणि घरून रोज दोन उकडलेली अंडी आणू लागले. शेवटी म्हणाले, पोरीचं मनच लागत नसेल. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. हाताला फोड येईपर्यंत बॅट फिरवत होती ती.

रविवारी तिची आई भेटायला आली. मैदानाच्या कडेला बसून तिने थोडा वेळ पाहिलं आणि विचारलं, "सर, पोरीनं गोफण काऊन सोडली?"

सरांना काही कळेना. मग आईनेच समजावलं. पोरगी लहानपणापासून मचाणावर उभी राहून गोफणीने धानावरची पाखरं हाकलते. पाय उचलून, मागे झुकून फिरवल्याशिवाय गोटा लांब जातच नाही.

सरांनी सरावाला आलेल्या पोरींना जवळ बोलावलं. मग सगळ्या पोरींदेखत म्हणाले, "रेश्मा, तुह्यात काही खोट नाई. मीच तुले बिघडवलं. माह्यं शिकवलेलं समदं सोडून दे."

ती खाली मान घालून पुटपुटली, "सर, तुमी पाहून राह्यले की पाय उचलतच नाई."

तिची निवड झाली, हे आधीच सांगून टाकतो. मला सांगायचं आहे ते वेगळंच. चाचणी आमच्याच मैदानावर होती, पण त्या दिवशी सर कुठेच दिसेनात. शोधत गेलो, तर महाशय कुंपणापलीकडे बांधावर, मैदानाकडे पाठ करून उभे. मी म्हटलं, अहो, तिचा नंबर आला, बघा तरी. तर म्हणे, तुम्ही बघा आणि मला सांगा.

चारपैकी पहिला चेंडू हुकला. मी तसं सांगितलं. सरांनी नुसती मान हलवली. दुसऱ्याला तिने पाय उचलला, मागे झुकली. मी सांगायला तोंड उघडतो तोच चेंडू आमच्या डोक्यावरून जाऊन बांधीत रुतला. सर बुटांसकट चिखलात उतरले आणि तो उचलून शर्टाला पुसू लागले.

मी म्हटलं, "सर, आता तरी वळा."

"नाई," ते म्हणाले. "अजून तिचे दोन चेंडू बाकी हायेत."