सायरनच्या मागची जागा

वाशीच्या आमच्या सोसायटीतील मोटारवाल्यांना सकाळी मुंबईत वेळेवर पोचण्याचा एकच खात्रीचा उपाय होता, तो म्हणजे कोणीतरी गंभीर आजारी असणे. खाडीवर त्या वेळी चालता पूल एकच. नव्याचे नुसते खांब उभे होते. साधा माणूस पूल ओलांडेपर्यंत दुपारचा डबा संपवी. रुग्णवाहिकेला मात्र लोक लगबगीने वाट देत. ती गेली की वाट पुन्हा बुजे. ही सार्वजनिक संपत्तीची नासाडी आहे, हे प्रथम आशुतोष कारखानीस यांच्या लक्षात आले. ते विमा कंपनीत अधिकारी होते.

त्यांनी सायरनमागे आपली फियाट लावली आणि मस्टरवर सही करून वर चहाही घेतला. आठवडाभरात आम्ही सगळेच त्यांच्या मागे लागलो.

इस्पितळाच्या फाटकाशी आमच्या गाड्या सकाळीच लागू लागल्या. "आज केस आहे ना?" असे आम्ही इतक्या आपुलकीने विचारत असू, की वॉचमन आम्हाला पेशंटचे नातेवाईक समजे. रुग्ण फार बरा असला तर ड्रायव्हर रमतगमत जातो; फारच वाईट असला तर त्याला नेतच नाहीत. अत्यवस्थ, परंतु आशा असलेला, उत्तम. भांडणे नकोत म्हणून रांगेतला क्रम ज्येष्ठतेनुसार ठरला. ड्रायव्हर गोटीरामने एकदा हात जोडले. "साहेब, जरा अंतर ठेवा. ब्रेक मारला तर आतली माणसं जातील." अंतर ठेवले तर मध्ये परका स्कूटरवाला घुसतो, हे त्याला कोण समजावणार?

एका सोमवारी दिवाळे गावच्या पुतळाबाईंना हृदयविकाराच्या झटक्यानंतर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात हलवायचे होते. आत त्यांच्याजवळ नर्स नमिता, पुढे गोटीरामशेजारी मुलगा नामा. पुलाच्या मध्यावर पुढचा ट्रक थबकला, गोटीरामने ब्रेक दाबला आणि कारखानीसांची फियाट रुग्णवाहिकेच्या मागच्या दारात जाऊन रुतली. फियाटवर माझी गाडी आदळली, माझ्या गाडीवर माझ्यानंतरच्या ज्येष्ठांची. धक्क्याने रुग्णवाहिका ट्रकवर आदळून बंद पडली. नमिताचे कपाळ फुटले आणि पुतळाबाई स्ट्रेचरवरून खाली पडल्या.

नमिताने कपाळावर बोळा दाबून काचेतून हाक मारली. "साहेब, गाडी मागे घ्या. दार उघडत नाहीये. पेशंटला दुसऱ्या गाडीत टाकायचंय."

"सिस्टर, पंचनाम्याआधी हलवली तर क्लेम बुडतो," कारखानीस शांतपणे म्हणाले.

नामा पुढून धावत आला. "साएब, माजी आय हाय आत."

"म्हणूनच सांगतोय. तिलाही क्लेम मिळायला हवा ना?"

मुद्दा बिनतोड होता. आम्ही माना डोलावल्या.

थोड्या वेळाने शेजारच्या पट्टीतून दुसरी रुग्णवाहिका आली. पण तिच्या मागच्या दाराशी तिची स्वतःची रांग चिकटलेली. दुसऱ्या सेक्टरची मंडळी होती. तीही शिस्तीची, हटेनात. अखेर नामा आणि गोटीराम यांनी पुतळाबाईंना पहिल्या गाडीच्या पुढच्या दारातून ओढून काढले आणि दुसरीच्या पुढच्या सीटवर बसवले. छातीच्या दुखण्यासाठी निघालेल्या बाईंचा आता खुबाही मोडला होता. नामा त्यांना धरून बसला. नमिता सलाइनची बाटली उंच धरून बाहेर पायरीवर लोंबकळली.

सायरन वाजला. पुढची वाट भराभर मोकळी झाली. कारखानीसांनी घड्याळ पाहिले, मला गाडी मागे घ्यायची हाताने खूण केली, पंचनाम्यासाठी अडलेली फियाट सफाईने बाहेर काढली आणि दुसऱ्या सेक्टरवाल्यांच्या आधी सायरनमागे घातली.

"चला, चला," ते खिडकीतून म्हणाले, "पंचनामा संध्याकाळी करू."

पुतळाबाई वाचल्या. आमच्यामुळे नव्हे, असे नामा अजून गावभर सांगतो.

तुम्हाला आमचा राग आला असेल; यायलाच हवा. उद्या तुम्हाला उशीर झालेला असेल, मागून सायरन येईल आणि तुम्ही सभ्यपणे बाजूला व्हाल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. ती गाडी पुढे गेल्यावर काय कराल, याबद्दलही नाही.