नानांची बाही

खटपटे यांनी एका सोमवारी ठरवलं, की आपल्या घरातल्या कुंड्यांनी यापुढे आपलं पाणी आपणच प्यावं. (खटपटे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते ऑफिसने ठेवलेलं नाव. खरं आडनाव आता बायकोलाही क्षणभर आठवावं लागतं.) झालं होतं एवढंच, की बायको पाच दिवस धाकट्या बहिणीकडे राहून परत आली तेव्हा बाल्कनीतली झाडं माना टाकून बसली होती.

"रोज न चुकता पाणी घातलं मी," खटपटे म्हणाले.

"एकाच कुंडीत घातलंत. आणि तिच्यात झाड नव्हतंच, नुसती माती होती."

"पण ती कुंडी जवळ होती ना!"

विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या अर्जांवर 'कारण पटत नाही' असा शेरा मारण्यात खटपट्यांची वीस वर्षं गेली होती. तोच शेरा बायकोच्या चेहऱ्यावर लिहिलेला त्यांना बघवेना. दुसऱ्या दिवशी सर्दीचं कारण सांगून त्यांनी तीन दिवस रजा घेतली. सर्दी खरीच होती, नाक पार बंद होतं. ते ध्यानात असू द्या.

रचना अगदी सोपी होती. (सोपी रचना म्हटलं की त्या घरातली माणसं आधी मौल्यवान वस्तू उचलून ठेवत.) एक मोठा प्लास्टिकचा टब. तळाला पाणी, त्याच्या वर जाळी, जाळीवर माती, मातीत टोमॅटोचं रोप. जाळीला एक भोक, आणि त्या भोकातून मातीने ठासून भरलेला कापडी पाय खाली पाण्यात सोडलेला. तो पाय पाणी वर ओढणार आणि माती ओली ठेवणार. कोपऱ्यात एक मोठी बाटली उलटी टांगलेली. टबातलं पाणी कमी झालं की बाटली हवेचा घोट घेणार आणि खाली पाणी सोडणार. पाणी किती आहे ते कळायला एका बुचात विणकामाची सुई खोचली आणि ते बूच पाण्यावर तरंगत सोडलं. पाणी वाढलं की सुई टबाच्या कडेतून वर यायची.

प्रश्न उरला कापडाचा. कापड सुती हवं, कारण पॉलिएस्टर पाणी ओढत नाही.

"अगं, जुनं कापड आहे का?"

"वरच्या फळीवर पिशवीत आहे. घ्या त्यातलं," बायको न्हाणीघरातून ओरडली.

वरच्या फळीवर दोन पिशव्या होत्या. एकीची गाठ सुटेना. दुसरी नीट दुमडून, वर रबर लावून ठेवलेली होती, ती चटकन उघडली. आत एक पांढरा शर्ट. खटपट्यांनी त्याचं टोक पाण्यात बुडवून घड्याळ लावलं, तर मिनिटाभरात पाणी बोटभर वर चढलं. वा! असं कापड हल्ली मिळतं कुठे? त्यांनी कॉलर कापून केराच्या बादलीत टाकली, एक बाही कफासकट मातीने भरून भोकातून खाली सोडली, आणि उरलेल्या शर्टाच्या पट्ट्या करून बाकीच्या कुंड्यांना वाटल्या.

तिसऱ्या दिवशी नाक मोकळं झालं. दुपारी चार वाजता खटपटे चहाचा कप घेऊन बाल्कनीत आले, खुर्चीवर टेकले, आणि पहिला घोट घेण्याआधीच थबकले.

निलगिरी तेलाचा वास येत होता.

पाठोपाठ टबातून कोणीतरी खाकरलं. "ख्हं."

आणि मग सुई हळूहळू वर आली, ताठ उभी राहिली.

आता नानांबद्दल सांगायलाच हवं. नाना म्हणजे खटपट्यांचे सासरे. वजनमापे निरीक्षक. जाऊन चार महिने झाले होते. बारा महिने सर्दी असल्यामुळे ते मनगटावर निलगिरी तेल चोळायचे आणि बाहीला पुसायचे. दुकानदाराचं माप खोटं निघालं की ते आधी खाकरायचे आणि मग तर्जनी वर करायचे. बोलायचे त्यानंतर. पुढे पुढे बोलायची गरजच पडत नसे. जावयाच्या घरी ते बरोबर चारला चहाला येत, आणि जावयाने काही ठोकून ठेवलेलं दिसलं की "ख्हं" करून बोट वर करत.

थोरल्या मुलीवर, म्हणजे खटपट्यांच्या बायकोवर, त्यांचा फार जीव. पण अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या पितळी वजनांच्या पेटीतलं दहा ग्रॅमचं वजन हरवलं. ती पेटी त्या आठवड्यात थोरलीने घरी आणून पुसली होती. तेव्हापासून प्रत्येक भेटीत एकच प्रश्न. "दहा ग्रॅम सापडलं का गं?" ती म्हणायची, "नाना, मी नाही हो हरवलं." ते नुसते खाकरायचे. शेवटच्या आजारातही त्यांनी विचारलं, आणि ती कोपऱ्यात जाऊन रडली. (अशा वेळी खटपटे नेहमी हॉलच्या पडद्याकडे बघत. का, ते पुढे कळेल.)

तर टब खाकरला आणि सुई वर आली. खटपट्यांनी कप खाली ठेवला.

"तुला... तुला कसला वास येतोय का?" त्यांनी बायकोला हाक मारून विचारलं.

ती दारात आली आणि उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. "येतोय," एवढंच ती म्हणाली, आणि दुसरी खुर्ची ओढून टबाशेजारी बसली.

त्या दिवसापासून रोज चारला तिचा चहा तिथे. खटपट्यांची सकाळची पाळी, ते चारच्या ठोक्याला घरी पोचत. दाराशी चपला काढतानाच आतून हलक्या आवाजात बोलणं ऐकू यायचं. "नाना, आज धाकटीचा फोन होता. पाय दुखतोय म्हणाली." मग "ख्हं." मग बायकोचं हसू. चार महिन्यांत ती हसली नव्हती. खटपट्यांना आनंद व्हायला हवा होता, पण ते काढलेल्या चपला पुन्हा पायात घालायचे.

ते शास्त्रीय वृत्तीचे गृहस्थ होते. त्यांनी बाटली बदलून पाहिली. नव्या बाटलीतूनही तोच घसा. टब उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात नेला. सुई तिथेही वर आली, आणि त्यांच्या दिशेला जरा कललेली होती. खाकरण्याआधीच पाणी घालून पाहावं म्हणून ते एका रविवारी पावणेचारला जग घेऊन वाकले, तर कानाशीच "ख्हं!" झालं आणि जगातलं सगळं पाणी त्यांच्या पँटवर सांडलं.

टोमॅटोचं तर विचारूच नका. झाडं उजेडाकडे वळतात हे शाळेतलं पोर सांगेल. हे झाड घराकडे वळलं. एक फांदी दाराच्या फटीतून हॉलमध्ये शिरली आणि पडद्याच्या दिशेने वाढू लागली. खटपटे तिला बाहेर वळवून दोरीने बांधत. दोन दिवसांत दोरी सैल आणि फांदी आत. महिन्याभरात तिचं टोक पडद्याच्या खालच्या दुमडीला जाऊन टेकलं. नेमकं डाव्या कोपऱ्यातल्या दुमडीला. खटपट्यांची जेवणावरची वासना उडाली.

अशात दोन महिने झाले. एका गुरुवारी बायको फोन ठेवून म्हणाली, "रविवारी धाकटी येतेय. नानांचा शर्ट न्यायला."

"कुठला शर्ट?"

"अहो, शेवटचा. आम्ही धुतलेलाच नाही तो, वास राहावा म्हणून. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तिच्याकडे असं ठरलंय ना आमचं! वरच्या फळीवर पिशवीत रबर लावून ठेवलाय बघा."

ती स्वयंपाकघरात वळताच खटपट्यांनी स्टुलावर चढून पाहिलं. फळीवर एकच पिशवी, गाठ न सुटणारी. ती दातांनी फाडली. आत उशांचे जुने अभ्रे.

म्हणजे वास खरा होता. बाही खरी होती. सासरे टबात होते, आणि त्यांना तिथे जावयाने स्वतःच्या हातांनी ठासून भरलं होतं!

शुक्रवार त्यांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. एका अर्जावर त्यांनी 'चुकलो, माफी असावी' असा शेरा मारला, तो साहेबांनी खोडला. हे बायकोला सांगायचं कोणत्या तोंडाने? शर्ट गेला म्हणून सांगावं तर तिच्याकडे बापाची उरलेली एकच गोष्ट आपण कात्रीने कापली. आणि टबातून येतंय ते काय आहे हे सांगावं, तर तिचं चार वाजताचं हसूही गेलं. शेवटी त्यांनी ठरवलं की बाही काढायची, धुवायची नाही, नुसती वाळवायची, आणि पट्ट्या जोडून शर्ट पुन्हा शिवायचा. (कॉलरचं काय, हा विचार त्यांनी पुढे ढकलला.)

शनिवारी दुपारी बायको बाजारात गेली. खटपट्यांनी दार लावलं, टबापुढे गुडघे टेकले, माती बाजूला केली आणि बाहीचं तोंड धरून ओढलं.

बाही येईना. आतून कोणीतरी धरल्यासारखी. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा ती सावकाश वर आली. खांदा, कोपर, मनगट. दोन महिन्यांत मुळांनी ती गच्च भरली होती. कापडाच्या विणीतून पांढरी बारीक मुळं केसांसारखी बाहेर आली होती. ती जड होती, गार होती, आणि कोपरात किंचित वाकलेली होती. कफाचं बटण लावलेलंच होतं. कफातून खाली पाच-सहा जाड मुळं लोंबत होती. ती खटपट्यांच्या तळहातावर टेकली.

चार वाजले होते. निलगिरीचा भपकारा आला.

"ख्हं."

सुई वर आली.

"नाना!" तो हात हातात धरून ते ओरडले. "चुकलो हो! शर्ट मीच कापला! मला सर्दी होती! तुमच्या खुर्चीचा पाय मीच मोडला होता! आणि... आणि ते दहा ग्रॅम मी घेतलं, नाना! पडदा वाऱ्याने उडायचा, म्हणून मी ते दुमडीत शिवलं! तुम्ही विचारलंत तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही, आणि मग रोज आणखी कमी होत गेली! तिने नाही हो हरवलं! तिचा काहीच दोष नाही!"

एवढं बोलून ते रडायलाच लागले. मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. दारात बायको उभी होती, पायाशी भाजीची पिशवी.

"तू... तू शर्टाचं ऐकलंस?" खटपटे हुंदके देत म्हणाले. हात अजून हातातच होता.

"शर्टाचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," बायको म्हणाली. तिचा आवाज फार शांत होता. "कॉलर केरात टाकलीत ना? दिवसभर रडले. तुम्हाला घराबाहेर काढणार होते. तिसऱ्या दिवशी चारला ते खाकरले. मग म्हटलं, पिशवीत नुसता वास होता, आता निदान बोलल्यासारखं तरी वाटतं. धाकटीलाही तेव्हाच सांगितलं. ती उद्या टबच न्यायला येतेय. गुरुवारी शर्टाचं मुद्दाम काढलं, म्हटलं आता तरी खरं सांगाल." तिने भाजीची पिशवी उचलून बाजूला ठेवली. "दहा ग्रॅमचं मला माहीत नव्हतं."

खटपटे पडद्याकडे बघायला लागले.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. आणि तुम्ही शेजारी बसून चहा पीत होतात!"

"कारण असं, की—"

"कारण पटत नाही."

ती पडद्यापाशी गेली. टोमॅटोची फांदी जिथे टेकली होती तिथलीच दुमडी तिने उसवली, वजन काढलं, पदराने पुसलं आणि टबासमोर धरलं. "बघा, नाना. मी नव्हते." ती रडत होती, आणि हसतही होती. खटपटे वाट बघत होते. बाटली भरलेली होती, तरी टब खाकरला नाही. सुई सावकाश खाली गेली आणि पुन्हा वर आली नाही.

बाही जशी होती तशी परत मातीत गेली. रविवारी धाकटी आली, टबाला मिठी मारून रडली आणि गाडीच्या मागच्या सीटवर त्याला पट्टा बांधून घेऊन गेली. "भाऊजी," जाताना ती म्हणाली, "सहा महिन्यांनी टब परत येईल. तोवर कात्रीला हात लावू नका."

आठवड्याने तिचा फोन आला. टोमॅटो झकास होता, वासही येत होता, पण खाकरणं म्हणून नाही.

शिक्षा म्हणून घरात येणारं प्रत्येक पुडकं, धाकटीने आणून दिलेल्या नानांच्या तराजूत घालून बघायचं काम आता खटपट्यांकडे आलं होतं. त्या दिवशी चार वाजता त्यांनी चहाची पूड तोलली. दहा ग्रॅम कमी भरली.

"ख्हं."

खटपट्यांच्या हातातलं वजन खाली पडलं. त्यांनी घाबरून बाल्कनीकडे पाहिलं. तिथे टब नव्हता, काहीच नव्हतं. "अगं, ऐकलंस? ते... ते परत आले!"

बायकोने शिवणावरून मान वर केली नाही.

"तुम्हीच खाकरलात," ती म्हणाली. "आठवडा झाला, रोज चारला तुम्हीच खाकरताय. आणि ते बोट आधी खाली घ्या."