रांगेत पुढे कोण उभं आहे?

माझ्यासारखा गुप्तहेर शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो, आणि जन्मला तरी घरच्यांना त्याचं काही वाटत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. माझी नजर घारीची, कान सशाचे, आणि नाक, सासूबाईंच्या मते, नको तिथे खुपसायचं. माणसाच्या चपला पाहून तो कुठून आला ते मी सांगतो. एकदा असंच एका गृहस्थांना मी म्हणालो, "तुम्ही दवाखान्यातून येताय." ते येत नव्हते, पण त्याच आठवड्यात गेले.

एवढं असूनही माझ्याकडे आजवर एकही प्रकरण आलं नव्हतं. कारण उघड आहे. गुन्हेगारांत माझी दहशतच एवढी, की आमच्या गल्लीत कुणी गुन्हा करायला धजत नाही.

म्हणूनच त्या गुरुवारी दुपारी अडीच वाजता बायको आतल्या खोलीतून ओरडली, "अहो, हा पुन्हा हँग झाला!" तेव्हा हातातली मटाराची शेंग टाकून मी धावलो.

"कुणी कशाला हात लावू नका!" मी दारातूनच म्हणालो. "हँग झाला, की केला गेला?"

"अहो, कॉम्प्युटर!"

'मयताचं नाव: कॉम्प्युटर,' मी वहीत लिहिलं.

बायको घरी बसून लोकांचं टायपिंग करून देते. त्यावर आमचं घर चालतं, म्हणून तर मला गुन्हेगारीकडे पूर्ण वेळ लक्ष देता येतं. त्या दिवशी मात्र काम तिचं स्वतःचं होतं. पाणीपुरवठा कार्यालयात टायपिस्टची एक कायमची जागा निघाली होती. अर्ज छापील हवा, सही केलेला, दोन प्रतींत, आणि आज पाचच्या आत खिडकीवर पोचता करायचा. अर्ज कॉम्प्युटरमध्ये तयार होता. फक्त कागदावर यायचा बाकी होता.

"एरवी छान चालतो," बायको सांगू लागली. "पण या आठवड्यात आज पहिल्यांदाच छापायला घेतलं, आणि प्रिंटरला कामं पाठवणारी ती प्रिंटिंगची सेवा सुरू केली रे केली, की मिनिटभरात गोठतो. माउससुद्धा हलत नाही. बंद करून चालू केला, पुन्हा तेच. चार वेळा झालं."

"सेवा म्हटलं की गोठणारे मी पुष्कळ पाहिलेत," सासूबाई बाहेरून म्हणाल्या. त्या आमच्याकडे मटार सोलायला आल्या होत्या. माझ्या वाट्याच्या शेंगा वेगळ्या काढून ठेवल्या होत्या, त्या तशाच पडल्या होत्या.

दुरुस्तीवाला फोनवर "उद्या बघू" म्हणून मोकळा झाला होता. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने शटरवर 'दोन दिवस बंद' अशी पाटी लावली होती.

"मग हाताने लिहून दे की," मी सुचवलं.

"टायपिस्टच्या जागेचा अर्ज? हाताने?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी मुकाट्याने तपासाला लागलो.

पहिला संशय अर्थातच प्रिंटरवर. तो आणि कॉम्प्युटर वर्षानुवर्षं एकाच टेबलावर राहतात, पण संबंध एका वायरीपुरता. अशा घरांत काय काय घडतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी प्रिंटरला दरडावून विचारलं, तर त्याने हिरवा दिवा मिचकावला.

"डोळा मारतोय! याला कुणीतरी साथीदार आहे," मी म्हणालो. "आता छापणाऱ्यावरच छापा!"

मी झाकण उघडलं, शाईची डबी काढून कानाशी हलवली आणि परत बसवली. आत काही संशयास्पद सापडलं नाही. पण पाचच मिनिटांनी की-बोर्डकडे पाहतो तो काय! काळे कुळकुळीत बोटांचे ठसे. अगदी ताजे. एक, दोन, तीन... दहा!

"दहा जणांची टोळी आहे," मी दबक्या आवाजात म्हणालो.

"तुमचीच बोटं आहेत ती. आधी हात धुऊन या," बायको म्हणाली.

हात धुताना मला वरच्या मजल्यावरून घर्रर्र ऐकू आलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वरच्या शिलाईवाल्या काकू! त्यांचं मशीन वीज खेचतं आणि आमच्याकडे बिचारा कॉम्प्युटर गारद होतो. मी तडक वर गेलो आणि तोंडावर आरोप केला. काकूंनी तो शांतपणे ऐकून घेतला, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावून दिलं आणि मशीन पायाने चालतं हे दाखवलं. बाई मोठी मुरलेली निघाली.

मग मी मूळ शब्दाकडे वळलो. गोठतो म्हणजे काय? थंडी! मी कॉम्प्युटरला माझी शाल पांघरली. त्यावर त्याचा पंखा असा काही भणभणायला लागला, की बायकोने शाल ओढून काढली आणि मला खोलीबाहेर काढलं.

पावणेचार वाजले. ती स्टुलावर मटकन बसली, ते मी दारातून पाहिलं.

"नऊ वर्षं लोकांचे अर्ज टाइप करतेय मी," ती म्हणाली. "बदलीचे, बढतीचे, कुणाकुणाचे. आज एकदाच माझा आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतका वेळ मला प्रकरण मिळाल्याचा आनंद होत होता, त्याची लाज वाटली.

सासूबाई मटाराचं ताट घेऊनच आत आल्या. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर त्यांनी तीस वर्षं काढली आहेत.

"काय गं, या प्रिंटलासुद्धा रांग असते का?"

"असते की, आई."

"मग रांगेत पुढे कोण उभं आहे ते बघा ना! आमच्याकडे एक गृहस्थ यायचे. नाव विचारलं की घराण्याचा इतिहास सुरू. मागे सत्तर माणसं. मी खिडकी बंद करून पुन्हा उघडली तरी हे आपले पुढेच. शेवटी दंडाला धरून बाजूला केलं, तेव्हा कुठे रांग हलली."

बायको ताडकन उठली. तिने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, प्रिंटिंगची सेवा मात्र बंदच ठेवली आणि रांगेचा फोल्डर उघडला. आत एकच काम अडकलेलं होतं. ते एवढं अवाढव्य, की आकडा वाचायला तिने पडद्यावर बोट लावलं. तारीख रविवारची, वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

आता सूत्रं माझ्या हातात आली. मी पाठीमागे हात बांधून येरझारा घालू लागलो. "रविवारी दोन वाजून दहा मिनिटांनी तू कुठे होतीस?"

"आईकडे."

"आणि सासूबाई, आपण?"

"माझ्याकडेच असणार ना! ही कुणाकडे आली होती मग?"

"छान. म्हणजे त्या वेळी या घरात एकच व्यक्ती होती, आणि ती व्यक्ती..." मी थांबलो. दोघी माझ्याकडे पाहत होत्या. "ती व्यक्ती निर्दोष आहे."

"काय छापत होतात?" बायकोने विचारलं.

"माझं कार्ड. पानभर आहे, माझी माहिती लहान कार्डावर मावत नाही. वर रंगीत फोटो. पण ते आलंच नाही, म्हणून मी नाद सोडला."

"किती प्रती काढल्यात?"

"प्रतींचं मला कुणी विचारलंच नाही. 'नंबर' विचारला होता. मी माझा नंबर दिला. फोनचा. चौकटीत पहिले चारच आकडे मावले."

"कोणते?"

"नऊ, आठ, दोन, सात."

बायकोने डोळे मिटून घेतले.

"नऊ हजार आठशे सत्तावीस जावई!" सासूबाई म्हणाल्या. "आम्हाला इथे एक झेपत नाही!"

बायकोने मला फोल्डरमधून पुसून टाकलं. सेवा सुरू केली. एक मिनिट गेलं, दोन गेली. माउस हलत होता. प्रिंटर खाकरला आणि अर्जाच्या दोन स्वच्छ प्रती बाहेर आल्या. मला त्यांच्याजवळ फिरकू दिलं नाही. तिने सही ठोकली आणि चपलेचा पट्टा न लावताच धूम ठोकली.

ती परत येईपर्यंत मी निमूटपणे मटार सोलले. पाचला दहा कमी असताना ती घामाघूम होऊन दारात उभी राहिली. हातात अर्जाची दुसरी प्रत होती, त्यावर कार्यालयाचा निळा शिक्का. पोच! मला पोच नाही असं सासूबाई अधूनमधून म्हणतात, त्यांच्या मुलीला मात्र मिळाली होती.

मी हात पुसून ती प्रत घेतली आणि तपासाचा भाग म्हणून वरपासून वाचली. नाव, पत्ता, वेग, अनुभव नऊ वर्षं. आणि सातव्या ओळीवर माझे डोळे भरून आले. अकरा वर्षांच्या संसारात जे तिने तोंडाने कधी कबूल केलं नव्हतं, ते आज चक्क सरकारदरबारी लिहून दिलं होतं. 'पतीचा व्यवसाय: शोध सुरू आहे.'

मी कागद सासूबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून ओळ वाचली, मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"खरं आहे हो," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं सुरूच आहे."